शिरोळच्या पाणथळ रानातला जॅक स्नाइप

शुक्रवार

जॅक स्नाइप हिवाळ्यात भारतात येतो हे सगळ्या पक्षीपुस्तकांत असतं. महाराष्ट्रात तो पाहिलेली माणसं मात्र थोडी. पक्षी तसा लपून राहणाराच आहे. दिवसभर चिखलाच्या कडेला गवताच्या बुडख्यात दबून बसतो, माणसाचा पाय अंगावर पडायची वेळ आली तरी हलत नाही, आणि उडालाच तर आवाज न करता थोडं अंतर कापून पुन्हा गवतात शिरतो.

माझा मावसभाऊ कोल्हापुरात शाळेत शिकवतो आणि कित्येक वर्षं पक्षी बघतो. त्याला मी दादा म्हणते. डिसेंबरच्या शेवटी शिरोळ तालुक्यात एका बांधावरून चालताना त्याच्या पायातून एक पाणलावा, म्हणजे स्नाइप, उठला. रात्री त्याचा फोन आला. "चोच आखूड होती, ओरडला नाही, आणि बांधाच्या पलीकडे लगेच बसला," एवढंच म्हणाला. दादा एरवी बोलघेवडा. पक्ष्याबद्दल तो इतकं मोजून बोलतो तेव्हा त्यानं नीट पाहिलेलं असतं. जानेवारीत रजा मिळाली तशी मी पुण्याहून निघाले.

कराड सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो. तोडणीचा हंगाम ऐन भरात होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बैलगाड्या आणि फडाशेजारी तोडकऱ्यांच्या खोपी. कोल्हापुरात पोचले तेव्हा ऊन उतरत आलं होतं. वहिनीनं चहा दिला आणि तो संपायच्या आत आम्ही रंकाळ्यावर होतो.

रंकाळ्यावर आम्हाला स्नाइप मिळणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. तरी मला आधी तिथंच जायचं होतं. शालिनी पॅलेसच्या बाजूनं पाण्यावर वारकरी पक्षी पोहत होते, आतल्या वनस्पतींवर जांभळ्या पाणकोंबड्या चालत होत्या. पाणी भरपूर, पक्षीही बरेच. पण फिरायच्या बाजूला काठ म्हणजे दगडी भिंत. भिंत संपते तिथं थेट खोल पाणी. पाणलाव्याला लागतो तो मधला भाग, म्हणजे बोटभर पाणी, खाली मऊ चिखल आणि लपायला जवळच गवत. तलाव सुशोभित करताना सगळ्यात आधी हीच पट्टी जाते, कारण लोकांना ती घाण वाटते. संध्यामठाच्या बाजूला दादानं बोट दाखवलं. तिथं कोपऱ्यात थोडा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर एक तुतारी (सँडपायपर) शेपूट हलवत फिरत होती. तेवढ्या तुकड्यावर तेवढाच पक्षी.

रात्री जेवणानंतर पुस्तकं काढून बसलो. आपल्याकडे हिवाळ्यात नेहमी दिसतो तो साधा पाणलावा, म्हणजे कॉमन स्नाइप. त्याच्याबरोबर पिनटेल स्नाइपही येतो. स्विनहो स्नाइप म्हणून एक आहे, तो पिनटेलसारखा इतका दिसतो की रानात वेगळा काढणं जवळपास अशक्य. आणि चौथा जॅक. पाणलाव्यांत सगळ्यात लहान, लांबी साधारण १८ ते २० सेंटीमीटर, चोच जेमतेम ४ सेंटीमीटर. साध्या पाणलाव्याची चोच ७ सेंटीमीटरपर्यंत जाते, डोक्याच्या दुप्पट वाटते. जॅकची डोक्यापेक्षा थोडीच मोठी. उत्तर युरोप आणि रशियातल्या दलदलींत तो वीण घालतो. तिथं नर आकाशात चकरा मारत दूरवर घोडा दौडत असल्यासारखा आवाज काढतो म्हणतात. हिवाळ्यात इथं आलेला हाच पक्षी तोंडातून शब्द काढत नाही.

शनिवार

पहाटे कळंबा तलाव. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे ओढे जिथं तलावाला मिळतात, त्या वरच्या अंगाला आम्ही गेलो. जानेवारीत तिथं पाणी मागं सरकलेलं असतं आणि चिखलाची रुंद पट्टी उघडी पडते. सात वाजून गेले तरी ऊन आलं नव्हतं. पाण्यावर धुकं, गवतावर दव. स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) लावला आणि दादा कुजबुजला, "चार आहेत. कडेच्या गवताला लागून."

चारही साधे पाणलावे. जॅकला ओळखायचं तर आधी यांना पोटभर बघायला हवं, म्हणून तासभर तिथंच बसलो. सगळ्यात जवळचा पक्षी वीस पावलांवर असेल. चोच मुळापर्यंत चिखलात घालायचा, तिथल्या तिथं दाबायचा, पुन्हा काढून बोटभर बाजूला घालायचा. त्या चोचीची रचना विलक्षण आहे. टोकाला मज्जातंतूंची दाटी असते, त्यामुळे चिखलातली अळी त्याला चोचीनंच कळते. आणि चोच पूर्ण न उघडता नुसतं टोक उघडता येतं, म्हणजे आतल्या आत किडा धरता येतो. एरवी चिखलानं भरलेली चोच उघडायची कशी? डोळेही डोक्यावर इतके मागं आणि वर असतात की तोंड चिखलात असताना त्याला मागून येणारं दिसतं. आम्ही जरा हललो की तो थांबायचा, डोकं न उचलता.

स्कोपमधून माथ्यावरचे पट्टे मोजता येत होते. मधोमध एक फिकट पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना गडद पट्टे, मग फिकट भुवई, मग डोळ्यातून जाणारी गडद रेघ. चोचीच्या मुळाशी ही गडद रेघ भुवईपेक्षा जाड. पाठीवरच्या पिसांची बाहेरची कड रुंद आणि फिकट, आतली बारीक, त्यामुळे पाठीवर सरळ रेघा ओढलेल्या वाटतात. हे सगळं साध्या पाणलाव्याचं.

पुढं चिखल संपून सुकं, खुरटं गवत सुरू होतं तिथं पाचवा होता. जरा गुबगुबीत, शेपूट आखूड. भुवई चोचीच्या मुळाशी रुंद, गडद रेघेपेक्षा जाड. पाठीवरच्या पिसांच्या दोन्ही कडा सारख्याच, म्हणून रेघांऐवजी खवले दिसत होते. मी "पिनटेल" म्हणाले आणि दादानं मान हलवली नाही. "पिनटेल किंवा स्विनहो," तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. पिनटेलच्या शेपटीत साधारण २६ पिसं असतात आणि कडेची टाचणीसारखी अरुंद. स्विनहोची त्याहून कमी आणि कडेची तितकी बारीक नाहीत. शेपूट पसरलेली नीट दिसल्याशिवाय, किंवा पक्षी अभ्यासकाच्या हातात असल्याशिवाय, या दोघांत निवाडा करायचा नाही हा आमचा नियम आहे. वहीत दोन्ही नावं तिरकी रेघ मारून लिहिली.

तेवढ्यात गुरं घेऊन एक मुलगा काठानं आला आणि पाणलावे उठले. साधे चारही "स्कॅप स्कॅप" असं खरखरीत ओरडत, नागमोडी वळणं घेत उंच गेले. पंखाच्या मागच्या कडेची पांढरी रेघ स्वच्छ दिसली. पाचवा जरा उशिरा उठला, जड उडाला, वळणं कमी घेतली, आणि त्याच्या पंखाला ती पांढरी कड नव्हती.

परत येताना चर्चा झाली ती शोधायचं कसं यावर. स्नाइप शोधायची रूढ पद्धत म्हणजे गवतात रांगेनं चालणं, नाहीतर दोघांनी दोर धरून गवतावरून ओढत नेणं. शिकारीच्या दिवसांपासून चालत आलेली रीत ती. पाणलाव्याची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली, तरी उठवून बघायची सवय पक्षी बघणाऱ्यांत राहिली. मला ती अजिबात मान्य नाही. पन्नास ग्रॅमच्या आसपासचा पक्षी, हजारो किलोमीटर उडून आलेला. त्याचा दिवसाचा बचाव एकच, हलायचं नाही. तो बचाव आपण मोडला की वर भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, फिरतच असतो. आणि एवढं करून आपल्याला काय मिळतं? पाठमोरी उडती एक सेकंदाची झलक. त्या सेकंदात माथ्याचे पट्टे दिसत नाहीत, पाठ दिसत नाही. चोच आखूड "वाटते". अशा झलकेवर दुर्मिळ पक्ष्याची नोंद करायची आणि तिला लोकांनी खरं मानायचं, हे बरोबर नाही.

दादाचं म्हणणं, मग तो कधी दिसणारच नाही. मी म्हटलं, तो चरायला बाहेर कधी येतो ते बघू. जॅक स्नाइप संधिप्रकाशात आणि रात्री चरतो. युरोपात अलीकडे रात्री थर्मल कॅमेरे घेऊन मोजणी करतात तेव्हा, दिवसा काहीच नव्हतं अशा ठिकाणी हे पक्षी सापडतात. आपल्याकडे तसला कॅमेरा नाही. पण सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा तास आणि उगवायच्या वेळचा अर्धा तास आपल्या हातात आहे. दादानं विचार केला आणि म्हणाला, "उद्या दुपारीच जाऊन बसू मग. ऊन असताना लपायची जागा करायची, आणि नंतर उठायचं नाही."

दुपारी विद्यापीठाजवळच्या राजाराम तलावावर चक्कर मारली. हळदीकुंकू बदकं आणि शेकाटे. पाणी भरलेलं, चिखल कमी. फार थांबलो नाही.

रविवार

जयसिंगपूरच्या दिशेनं सकाळी निघालो. गावाचं नाव इथं लिहीत नाही. शिरोळ तालुका कृष्णा आणि पंचगंगेच्या मधला. काळी कसदार जमीन, दोन्ही बाजूंना नद्या. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं तेव्हा भोगावतीचं पाणी अडवून खालच्या रानांना बारमाही ओलावा द्यायचा विचार होता. पुढं नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, उपसा योजना झाल्या, आणि या पट्ट्यात ऊस पसरला. ऊस आला तशी समृद्धी आली, ते घरांकडे बघूनच कळतं. पण काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. वर्षानुवर्षं पाटानं पाणी सोडलं की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते, तिच्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उन्हात उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. हजारो हेक्टर रान इथं असं क्षारपड झालेलं आहे.

दादाला पक्षी दिसला ती जागा अशाच रानात. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. आम्ही परवानगी मागायला गेलो तर आधी चहा झाला.

"काय बघायचंय हितं, ताई?" त्यांनी विचारलं. "हे रान मेलंय. माझ्या आज्ज्यानं हितं शाळू काढलाय, कमरंएवढी कणसं लागायची म्हणायचा. मग ऊस आला. पाणी हुतं, देत गेलो. किती दिलं ते कुणी मोजलं न्हाई. आता बघा."

बघितलं. दोनेक एकराचा खोलगट तुकडा. वरच्या अंगाला मातीवर पांढरी मिठाची पापडी. खालच्या अंगाला पाणी साचलेलं, त्यात लव्हाळ्याचे झुबके, नाल्याकडे पाणकणसाची दाट रांग, बांधावर बेशरम. मधे मधे पावलभर रुंदीचे उघडे चिखलाचे तुकडे. २०१९ च्या पुरात या रानावर दोन पुरुष पाणी होतं, असं आण्णा म्हणाले. नदीनं आणून टाकलेला गाळ अजून हाताला मऊ लागत होता. आण्णांना जे मेलेलं दिसत होतं, त्यात गांडुळं आणि अळ्या भरल्या होत्या. मी चिखलात बोट घालून बाहेर काढलं तर बोटाला दोन लाल किडे वळवळत चिकटले.

दादानं पक्ष्याचं वर्णन सांगितलं तशी आण्णा लगेच म्हणाले, "बारका हुय? गवत कापताना उठतोय की. मोठा हाय तो वरडत जातोय पार तिकडं उसापातूर. ह्यो बारका गप उठतोय आन् गप बसतोय. दर सालाला येतोय थंडीत."

मी आणि दादा एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या पुस्तकातला फरक त्यांनी दोन वाक्यांत सांगितला होता, तेही कोणतं पुस्तक न उघडता. दर साली येतो, हे तर कुठल्याच पुस्तकात या गावाबद्दल लिहिलेलं नाही.

दुपारी तीनला जागा केली. बांधाच्या अलीकडच्या फडाचा ऊस उभा होता. त्याच्या कडेला आण्णांनी दिलेली दोन बारदानं बांबूला बांधून आडोसा केला, त्यातून स्कोपचं तोंड बाहेर. पश्चिम पाठीशी, म्हणजे उतरतं ऊन समोरच्या चिखलावर पडेल. मग बसलो.

पहिले दोन तास टिटव्या, धोबी, एक ढोकरी. पाणकणसातून लाजरी पाणकोंबडी दोनदा बाहेर आली आणि आत गेली. पाच वाजता एक दलदली भोवत्या नाल्यावरून खाली उतरून संथ फिरला. सगळं रान गप्प झालं आणि तो गेल्यावर पुन्हा सुरू झालं. साडेपाचच्या पुढं साधे पाणलावे झुबक्यांतून एकेक बाहेर यायला लागले. मी प्रत्येकावर स्कोप नेत होते. लांब चोच, मधला पट्टा. लांब चोच, मधला पट्टा.

ऊन तांबूस झालं तेव्हा दादानं माझ्या मनगटाला हात लावला. "डावीकडं. दोन झुबक्यांच्या मधे. गवत हलतंय बघ."

वारा नव्हता. लव्हाळ्याच्या बुडाशी एक पातं ठरावीक लयीत हलत होतं. त्याच्यामागं आधी काहीच दिसेना. मग सोनेरी रेघ दिसली, मग दुसरी, आणि दोन्ही वर-खाली होत होत्या. पक्षी गुडघ्यात वाकून सगळं अंग वर-खाली करत होता. न थांबता. तसंच करत एक पाऊल पुढं टाकलं, चोच चिखलात घातली, तरी अंगाचं हलणं चालूच. साधा पाणलावा चरताना असं सतत हलत नाही. सकाळपासून आवरून धरलेलं होतं ते सगळं त्या क्षणी वर आलं, पण मी स्वतःला सांगितलं, हलण्यावरून नाव द्यायचं नाही. एकेक खूण बघायची.

चोच आधी. शेजारीच सहा पावलांवर एक साधा पाणलावा चरत होता, त्यामुळे तुलना समोर होती. याची चोच त्याच्या अर्ध्याहून थोडी जास्त, मुळाशी जाड आणि फिकट, टोकाकडे गडद. अंगानंही हा स्पष्ट लहान. मग माथा. यासाठी पक्ष्यानं आमच्याकडे तोंड करायला हवं होतं आणि त्यानं फार वेळ घेतला. शेवटी वळला. माथ्याच्या मधोमध फिकट पट्टा नव्हता. चोचीपासून मागं सगळा गडद माथा, त्याच्या खाली भुवई, आणि त्या भुवईच्या आत एक बारीक काळी रेघ, म्हणजे भुवई दोन फाकांत विभागलेली. डोळ्याखाली गालावर गडद कमान. मी हे मोठ्यानं म्हणत होते आणि दादा वहीत लिहीत होता, म्हणजे नंतर आठवणीवर विसंबायला नको.

पाठ तर बघत राहावी अशी. मातकट पिसांच्या मधल्या गडद भागावर ऊन पडलं की हिरवी-जांभळी चमक यायची, आणि तिच्यावरून लांब सोनेरी पट्टे खांद्यापासून शेपटीकडे गेलेले. साध्या पाणलाव्याचे पट्टे याच्यापुढं फिकट वाटत होते. कुशीवर आडवे पट्टे नव्हते, उभ्या रेघा होत्या, आणि पोट पांढरं.

आता दुसरं काय असू शकतं? आखूड चोचीचा साधा पाणलावा? पिल्लांची चोच आधी आखूड असते, पण जानेवारीपर्यंत ती पूर्ण वाढलेली असते, आणि माथ्यावर मधला पट्टा असतोच. रंगीत पाणलावा? तोही अंग हलवतो, तोही दलदलीत लपतो. पण त्याची चोच टोकाला किंचित खाली वळलेली, डोळ्याभोवती ठळक फिकट कडं, आणि छातीच्या बाजूनं खांद्यावर जाणारा पांढरा पट्टा लांबूनही दिसतो. दुभंगलेली भुवई आणि पाठीवर रेघा असलेला आणखी एक पक्षी आहे, रुंद चोचीची तुतारी, इंग्रजीत ब्रॉड-बिल्ड सँडपायपर. दादानं ते नाव घेतलं ते योग्य केलं. पण ती खाडीकिनाऱ्याच्या उघड्या चिखलावर थव्यानं वावरते, तिच्या चोचीला टोकाजवळ बाक असतो, आणि पाठीवर असे रुंद सोनेरी पट्टे नसतात. एकेक नाव गळत गेलं.

मोबाइल स्कोपला लावून दादानं फोटो आणि व्हिडिओ घेतले. प्रकाश कमी होत होता, फोटो दाणेदार आले, पण माथा आणि चोच त्यात स्पष्ट आहेत. सव्वासहाला सूर्य बुडाला. भोवत्या पुन्हा एकदा आला. साधे पाणलावे ओरडत उठले. आमचा पक्षी मात्र जागच्या जागी चिखलाला टेकला. हलणं थांबलं, मान आत, चोच जमिनीला समांतर. कुठं आहे ते ठाऊक असूनही मला तो स्कोपमध्ये पुन्हा शोधावा लागला. पाठीवरच्या त्या सोनेरी रेघा, ज्या मघाशी इतक्या उठून दिसत होत्या, त्या वाळलेल्या लव्हाळ्याच्या पात्यांत एक झाल्या होत्या. भोवत्या त्याच्यावरून गेला. इतकं झगझगीत अंग या पक्ष्याला का आहे, हे मला तेव्हा समजलं.

अंधार पडल्यावर आडोसा तसाच ठेवून उसाच्या बाजूनं बाहेर पडलो. रात्री आण्णांच्या घरीच झोपायचं ठरलं. आजींनी भाकरी, झुणका आणि लसणाची चटणी वाढली. आण्णांना फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला. "ह्योच की," म्हणाले. "आन् ह्यो कुठनं येतोय?" रशियाच्या उत्तरेकडून, म्हटल्यावर त्यांनी फोटो पुन्हा जवळ घेतला.

सोमवार

पहाटे सहाला पुन्हा आडोशात. धुकं इतकं की पहिला अर्धा तास स्कोप बंदच. उजाडलं तसा पक्षी त्याच दोन झुबक्यांजवळ चरताना दिसला, संध्याकाळपेक्षा जवळ. उन्हाची पहिली तिरीप आली आणि त्यानं चरणं थांबवून आळस दिला. एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागं ताणला आणि शेपूट क्षणभर पसरली. टोकाला निमुळती, सगळी गडद तपकिरी, तांबूस पट्टा नाही, पांढरं टोक नाही. साध्या पाणलाव्याच्या शेपटीला दोन्ही असतं. काल राहिलेली खूण होती ती. पाखरू न उठवता शेपूट बघायला मिळणं हे सकाळी थंडीत बसण्याचं खरं मोल.

ऊन वर आलं तसा तो पाठीमागं सरकत सरकत लव्हाळ्यात गेला आणि दिसेनासा झाला. जागा माहीत होती. आम्ही तिकडं गेलो नाही.

दहा वाजता आण्णांबरोबर वरच्या बांधावर बसलो तेव्हा बोलणं जमिनीवर आलं. तालुक्यात अनेक शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला आहे. खारं पाणी पाइपात झिरपतं, तिथून मोठ्या पाइपानं नाल्यात जातं, आणि काही हंगामांत जमीन पुन्हा पिकाला येते. आण्णांच्या बांधभावांनी मिळून तसं करायचं ठरवलं आहे. "कर्ज काढावं लागंल," ते म्हणाले, "पण पोरांच्या पदरात कायतरी पडंल."

मी यावर एक शब्द विरोधात बोलले नाही आणि बोलणारही नाही. ज्याचं रान वीस वर्षं पडीक आहे त्याला पक्ष्यासाठी ते तसंच ठेवा म्हणणं अन्याय आहे. या पक्ष्याची गरज फार थोडी आहे, ती भागवायची जबाबदारी एका शेतकऱ्याच्या दोन एकरांवर टाकायचं कारण नाही. गावोगावचे तलाव आहेत, ओढ्यांची मुखं आहेत, गायरानातली डबकी आहेत. तिथं एक काठ बांधायचा सोडला, गाळ काढताना एक कड उतरती ठेवली, तर हिवाळ्यात तो चिखल आपोआप उघडा पडतो. कळंब्याला वरच्या अंगाला आहे तसा. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे, पण आपण मोजतो ते बहुतेक उघड्या पाण्यावरचे पक्षी. काठावरच्या चिखलात कोण दबलंय ते मोजायला कुणी सूर्य मावळेपर्यंत थांबत नाही. दादानं ठरवलंय, पुढच्या हिवाळ्यात शाळेतल्या मुलांना घेऊन कळंबा आणि आसपासचे पाझर तलाव संध्याकाळी बघायचे. बसून, न उठवता.

दुपारी नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन घेतलं. संगमावर पाणी संथ होतं. वहिनीनं बजावून सांगितलेली बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतली, कुरुंदवाडच्या बाजूनं एक चक्कर मारली आणि कोल्हापूरला परतलो.

रात्री नोंद लिहायला बसलो. फोटो दोन, व्हिडिओ एक, आणि सविस्तर वर्णन: चोचीची लांबी शेजारच्या साध्या पाणलाव्याच्या तुलनेत, माथा, दुभंगलेली भुवई, गालावरची कमान, पाठीचे पट्टे, कुशीवरच्या रेघा, शेपटीचा आकार, चरतानाचं हलणं. ज्या पक्ष्यांशी घोटाळा होऊ शकतो ती नावं आणि ती का नाहीत तेही लिहिलं, कारण उद्या हे वाचणाऱ्यानं आमच्यावर विश्वास ठेवावा असं आम्हाला वाटत नाही. त्यानं तपासावं. कळंब्याचा पाचवा पक्षी पिनटेल किंवा स्विनहो म्हणूनच राहिला. जॅकच्या नोंदीत तालुका लिहिला, गाव लिहिलं नाही. कॅमेरे घेऊन माणसं आली तर ती गवतात चालणार, आणि रान आण्णांचं आहे.

आण्णांचा दर साली येतो हा अनुभवही त्यांच्या परवानगीनं वर्णनात घेतला. निघताना त्यांनी दादाचा नंबर लिहून घेतला होता. पाइपाची खुदाई उन्हाळ्यात लागेल, नाल्याकडचा सखल कोपरा पाइपाच्या तोंडाशीच येतो, तो काही सुकायचा नाही असं त्यांचं म्हणणं आहे. थंडी पडली आणि बारका उठला की फोन करतो, म्हणाले.